श्रमाचा आकडा आणि निवडीची भीती

खेळाडू किती वेळ धावला, हे घड्याळ सांगते. ते धावणे किती जड गेले, हे मात्र त्याचे त्यालाच ठाऊक. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ही जाणीवच आकड्यांत बसविली. पुढे अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी तिच्या आधारे सरावाचा भार मोजण्याची सोपी रीत रूढ केली. सराव संपल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूने शून्य ते दहामधील एक आकडा सांगावयाचा व त्यास सरावाच्या मिनिटांनी गुणावयाचे. ६० मिनिटांचा सराव 'पाच' वाटला तर भार ३००. 'आठ' वाटला तर ४८०. घड्याळाच्या लेखी दोन्ही दिवस सारखेच. शरीराच्या लेखी नव्हेत. अपुरी झोप, ऊन, परीक्षेची चिंता यांचाही जमाखर्च या आकड्यात उतरतो. महागडी उपकरणे नसलेल्या मैदानालाही ही रीत परवडते, हे तिचे मोठेच बलस्थान होय.

परंतु तिचे मर्मस्थानही येथेच आहे. नियंत्रणासाठी राबविलेले मोजमाप आपली विश्वसनीयता गमावून बसते, असे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले. क्रीडांगण त्यास अपवाद कसे असेल? 'आठ' सांगणाऱ्यास कच्चा ठरवून संघातून वगळले, तर उद्या सारेच 'पाच' सांगतील. प्रशिक्षकाची वही नीटनेटकी दिसेल आणि थकवा मात्र नोंदीबाहेर साचत राहील. म्हणूनच हा आकडा सराव आखण्यापुरताच वापरावा. निवडीच्या बैठकीत तो येता कामा नये. खरा हिशेब हवा असेल, तर तो सांगणाऱ्यास आधी अभय दिले पाहिजे.