जुनं एस्प्रेसो मशीन: रास्त किंमत कशी काढायची?



आपल्यासारख्या ग्रुपवर अधूनमधून अशी जाहिरात येते: 'इटालियन एस्प्रेसो मशीन, चार वर्षं वापरलेलं, उत्तम स्थितीत. परदेशी जात असल्याने विकायचे आहे. १,२०,०००.' सोबत चकाकत्या स्टीलचा फोटो. घेणाऱ्याला ही किंमत अवाच्या सवा वाटते आणि देणाऱ्याला वाटतं की आपण जवळजवळ फुकटच देतोय. व्यवहार ओळखीतला असेल तर आणखी पंचाईत, कारण पुढच्या गणेशोत्सवात दोन्ही कुटुंबं समोरासमोर येणार. म्हणून या महिन्याच्या सदरात, अशा मशीनची दोघांनाही पटेल अशी किंमत कशी काढायची ते पाहू.

सात-आठ हजारांच्या प्लास्टिकच्या मशीनबद्दल मी बोलत नाहीये. ते बिघडलं की लोक नवीन घेतात. रॉकेट, ईसीएम, प्रोफिटेक, लेलिट, ला मार्झोको यांची मशीनं वेगळ्या जातीची. आत धातूचा बॉयलर, नळ्या, व्हॉल्व्ह, आणि बहुतेक भाग सुटे काढून बदलता येतात. यांतल्या बऱ्याच मशीनांवर पुढे जो जाडजूड पितळी भाग दिसतो, ज्यात कॉफीचं हँडल अडकवतात, त्याला 'ई-६१ ग्रुप' म्हणतात. इटलीच्या फाएमा कंपनीने तो १९६१ मध्ये आणला. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचं नाव पडलं. साठ वर्षांनंतरही त्याची रचना जवळपास तीच आहे, त्यामुळे त्याचे रबरी वॉशर आणि रिंगा आजही मिळतात. अशा मशीनला चार वर्षं म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

मग किंमत उतरते कशाने? मुख्यतः पाण्याने.

हैदराबादमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नळाला मंजिरा किंवा कृष्णेचं पाणी येतं तेव्हा ठीक, पण उन्हाळ्यात बोअरवर आलो की बादलीवर पांढरे डाग पडतात आणि गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर बसतो. तोच थर एस्प्रेसो मशीनच्या बॉयलरमध्ये, हीटिंग एलिमेंटवर आणि बारीक छिद्रांत बसतो. बाहेरून मशीन आरशासारखं चमकत असतं आणि आतल्या वाटा बुजत आलेल्या असतात. म्हणून मालकाला पहिला प्रश्न 'किती वर्षं वापरलं?' हा न विचारता 'पाणी कोणतं घालत होतात?' हा विचारा.

'आरओचं' हे उत्तर ऐकून लगेच खूश होऊ नका. अनेक मशीनांत बॉयलर भरला की नाही हे एक धातूची कांडी पाण्यातून वीज वाहते का यावरून ओळखते. पाण्यात क्षार जवळपास नसतील, तर कांडीला पाणी 'दिसत' नाही आणि पंप भरतच राहू शकतो. शिवाय असं पाणी धातूलाही फारसं मानवत नाही. तेव्हा आरओचा टीडीएस किती ठेवला होता, तेही विचारा. पाणी मृदू करणारा फिल्टर वापरला असेल आणि त्याच्या काडतुसांची बिलं असतील, तर ते उत्तम उत्तर. 'दर महिन्याला डिस्केलिंग करायचो' हे कानाला छान वाटतं, पण काही कंपन्या घरी डिस्केलिंग करू नका असंच सांगतात, कारण सुटलेले खपले बारीक वाटांत जाऊन अडकतात.

मशीन बघायला जाताना आधी फोन करून सांगा, 'मी येईपर्यंत चालू करू नका.' थंड मशीन तापताना बरंच काही कळतं. ई-६१ ला नीट तापायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात बिल, सिरियल नंबर आणि दुरुस्तीचे कागद बघून घ्या. मग मोबाइलचा टॉर्च लावून ट्रे काढा आणि खाली बघा. सांध्यांवर पांढरे किंवा हिरवट ओघळ दिसले, तर तिथून पाणी झिरपलंय. वाफेचा काटा बहुतेक मशीनांत १ ते १.५ बारच्या आसपास स्थिर राहायला हवा. हँडलमध्ये बिनछिद्राची जाळी लावून पंप चालू केला, की दुसरा काटा ९-१० बारपर्यंत जायला हवा आणि कडेने पाणी गळता कामा नये. वाफेची नळी बंद केल्यावर टपकते का, हे बघा. मशीन तापताना घरातला आरसीसीबी पडत असेल, तर हीटिंग एलिमेंटवर संशय घ्या.

मशीन अमेरिकेतून आणलेलं असेल तर मागची पाटी वाचा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे पंपाची चाल बदलते. शिवाय दीड हजार वॅटचं मशीन पेलणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ओट्यावर आणखी एक वजनदार डबा.

आता हिशेब. सुरुवात मालकाने चार वर्षांपूर्वी भरलेल्या रकमेपासून करायची नाही. तेच किंवा त्या तोडीचं मशीन आज भारतात नवीन कितीला मिळतं, तिथून करायची. समजा ते २,००,००० आहे. वॉरंटी गेली आणि वस्तू दुसऱ्याच्या हातची, याचे मी ३० टक्के धरतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. उरले १,४०,०००. वॉशर, व्हॉल्व्ह, साधी सर्व्हिसिंग यांचा खर्च समजा १५,०००. उरले १,२५,०००. पाण्याबद्दल पटेल असं उत्तर मिळालं नाही, तर बॉयलर उघडून साफ करायचे आणखी १५,००० काढा. उरले १,१०,०००.

म्हणजे वरच्या जाहिरातीतली १,२०,००० ही मागणी पाण्याचं उत्तर चांगलं असेल तर रास्त आहे, किंबहुना थोडी कमीच. उत्तर गोलमाल असेल तर ती दहा हजारांनी जास्त आहे. दुरुस्तीचे आकडे मात्र स्वतःच्या मनाने धरू नका. जवळच्या चांगल्या कॅफेत जाऊन त्यांच्या मशीनची सर्व्हिस कोण करतं ते विचारा आणि त्या माणसाकडून अंदाज घ्या. तुमच्या शहरात असा माणूसच नसेल, तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी थांबा.

हा हिशेब मनात ठेवून 'शेवटचे किती?' असं घासत बसू नका. कागदावर मांडून मालकालाच दाखवा. त्याचा एखादा आकडा चुकीचा वाटत असेल तर तो सांगेल, फिल्टरची बिलं शोधून आणेल, कदाचित किंमत वाढेलही. वाढू द्या. ज्याने मशीन जपलं त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. परदेशी जाणाऱ्याची घाई बघून वीस हजार पाडणं जमतं, पण त्याला रास्त किंमत म्हणत नाहीत. तसंच, ओळखीचा आहे म्हणून तपासणी न करता पैसे देणं हेही बरं नव्हे; पुढे बिघाड निघाला तर पैशाबरोबर ओळखही खराब होते.

दोन गोष्टी बजेटमध्ये आधीच धरा. एक, ग्राइंडर. चिकमंगळूरच्या उत्तम बिया आणि दोन लाखांचं मशीन असलं तरी दळण एकसारखं बारीक नसेल, तर कॉफी आंबट किंवा कडूच उतरणार. दोन, वाहतूक. ही मशीनं पंचवीस-तीस किलोंची असतात. बॉयलर रिकामा करून, मूळ खोक्यात, उभंच न्यायचं. आणि घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून आपणही पाण्याची नोंद ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर तीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

पुढच्या महिन्यात ग्राइंडरबद्दल.