ऊन हेही अन्नच आहे



आज थोडं कडक बोलणार आहे. घरात कासव पाळणं ही जीवदया, असं आपल्यातल्या बऱ्याच जणी मानतात. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचं लांछन कासव, म्हणून तर पुण्य दुप्पट! मला हे मान्य नाही. लांछन मूर्तीच्या पायाशी शोभतं. त्यावरून जिवंत प्राणी काचेच्या पेटीत कोंडायची परवानगी मिळत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला पहिलाच ‘बंध’, म्हणजे कोंडणं-बांधणं, आणि शेवटचा ‘अन्नपाननिरोध’. यावर लगेच उत्तर येतं, “अहो, आम्ही रोज पालक-मेथी घालतो की!” घोळ इथेच आहे. कासवाचं अन्न फक्त भाजी नाही. ऊन हेही त्याचं अन्नच आहे.

कासवाचं शरीर आपल्यासारखी ऊब तयार करत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं. उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व बनतं आणि मगच कॅल्शियम अंगी लागतं. ते नसेल तर कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं, पायांतली ताकद जाते. ताटात भाजी आणि अंगात उपास. हा अन्नपाननिरोध नाही तर काय?

“आमच्या हॉलमध्ये छान ऊन येतं,” असं वाशी-नेरुळच्या फ्लॅटमधून ऐकू येतं. पण बंद खिडकीची काच हे अतिनील-बी किरण जवळजवळ सगळे अडवते. मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते: काचेतून आलेलं ऊन म्हणजे बुडीत येणं. वहीत दिसतं, हातात येत नाही. घरातल्या एलईडी दिव्यातूनही ते मिळत नाही. पिवळा बल्ब गरम करतो, तेवढंच. त्यासाठी खास अतिनील-बी ट्यूब लागते आणि तीही सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते, कारण उजेड तसाच दिसला तरी किरण कमी होत जातात.

दमटपणाचं खापर मात्र सगळं पावसावर फोडू नका. आपलं तारा कासव कोरड्या, झुडपी माळरानातलं, तरी पावसाळ्यात ते उलट जास्त हिंडतं. उबदार दमटपणा त्याला चालतो. घात करतो तो गार ओलावा: रात्रभर एसी, खाली भिजलेलं वर्तमानपत्र, वरून बंद काच. मग नाकातून बुडबुडे येतात, कासव तोंड उघडून श्वास घेतं. त्या ओल्या कागदावर चातुर्मासात बुरशी आणि बारीक किडे किती होतात, तो हिशेब आपण तरी विसरू नये.

ज्यांच्या घरी नोंदणी केलेलं परदेशी जमिनीवरचं कासव आधीच आहे, त्यांनी कर्तव्य पूर्ण करावं. पेटी ऐसपैस आणि हवेशीर हवी. एका टोकाला ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, म्हणजे कुठे बसायचं ते कासव ठरवेल. दोन्ही टोकांना तापमापक, एक आर्द्रतामापक. दिवसा बारा तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. बाल्कनीत सोडाल तर सावली हवीच. एप्रिलच्या उन्हात काचेची पेटी ठेवणं म्हणजे भट्टीच.

तारा कासव मात्र घरात ठेवायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कंटाळा आला म्हणून बाजारातलं लाल कानाचं कासव धारण तलावात सोडणं हेही पुण्य नव्हे. ते मूळचं अमेरिकेतलं. इथल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं.

“आम्ही घेतलं नाही तर ते दुकानात मरेल,” हा शेवटचा युक्तिवाद. बाजार दयेवर चालत नाही, मागणीवर चालतो. तुम्ही एक सोडवलंत की रिकाम्या जागी दुकानदार दुसरं आणतो. तुमची दया त्याच्या वहीत विक्री म्हणूनच लिहिली जाते.

आणि एक साधा प्रश्न. आपण साठी ओलांडलेली. नीट सांभाळलेलं कासव पन्नास वर्षं सहज जगू शकतं. घर, दागिने, ठेवी कुणाच्या नावावर ते आपण लिहून ठेवलंय. या जिवाचं ऊन कुणाच्या नावावर लिहिणार आहात? उत्तर नसेल, तर कासव आणू नका.