मुखवट्यामागचे नाव

१/ नाटकातील पात्राचा चेहरा वस्तूत कसा जपावा? इंग्लंडने उत्तर मातीत शोधले. १८व्या शतकात स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी ‘टोबी जग’ घडविला : तिकोनी टोपी घालून बसलेला अख्खा माणूस, म्हणजेच पेयाचे भांडे.

२/ १९३४ साली रॉयल डॉल्टनच्या चार्ल्स नोक यांनी फक्त डोके व खांदे असलेला ‘कॅरेक्टर जग’ आणला. पुढे त्यांत शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ आला. १९८२ मध्ये हॅम्लेट, मॅकबेथ आणि ऑथेल्लोही आले. संग्राहक ते आजही हौसेने जमवितात.

३/ ही पात्रे मराठीला परकी नव्हती. आगरकरांनी हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’. गणपतराव जोशींचा हॅम्लेट तर गाजला. पण या चेहऱ्यांचे जग आपल्याकडे कोणी घडविले नाहीत.

४/ मग आपल्याकडे पात्राचा चेहरा वस्तूत उतरलाच नाही काय? उतरला, आणि तोही आपल्याच पालघर जिल्ह्यात. चिंचणीचा किनारा सोडून पूर्वेस डोंगराकडे गेले की जव्हार-मोखाडा लागतो. तेथील बोहाड्यात गणपती, नरसिंह, रावण यांची सोंगे लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात.

५/ आता हे मुखवटे शहरांतील दिवाणखान्यांतही पोहोचले आहेत. माझा विक्रीला विरोध नाही. कारागिराला दाम मिळालाच पाहिजे. आक्षेप वेगळा आहे.

६/ डॉल्टनचा जग उलटा करून पाहा. तळाशी कंपनीचा शिक्का, पात्राचे नाव आणि क्रमांक असतो. पन्नास वर्षांनी तो कोणाच्याही हाती पडला, तरी आपली ओळख स्वतः सांगतो. भिंतीवरच्या मुखवट्यामागे मात्र बहुधा काहीच नसते. सोंग कोणते, घडविले कोणी, गाव कोणते, हे सारे विकत घेणाऱ्याबरोबरच विस्मरणात जाते. ‘आदिवासी मुखवटा’ एवढीच चिठ्ठी उरते; आणि ती ओळख नव्हे, ओळखीचा अभाव होय.

७/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे : मुखवट्याच्या पाठीवर सोंगाचे, कारागिराचे आणि गावाचे नाव लिहिलेच पाहिजे. कारखान्यातल्या जगाला जो मान मिळतो, तो हाताने घडविलेल्या रावणाला का नसावा? इतिहासप्रेमी मित्रांनो, पुढच्या वेळी मुखवटा घ्याल तेव्हा भाव करण्याआधी ही तीन नावे विचारा, आणि तेथेच लिहून घ्या.