तुटलेल्या धाग्याची जोडणी

आमच्या एका भगिनी-वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या दोन आत्या चाळिशीच्या आंतच स्तनाच्या कर्करोगानें गेल्या. आतां चुलत बहिणीलाही तेंच दुखणें निघालें आहे. “आत्याचें दुखणें भाचीकडे कसें येईल? असलें कांहीं यावयाचें तें आईच्या अंगानें,” असें घरांतील वडील मंडळी म्हणतात आणि विषय तेथेंच मिटतो. बाईंना शास्त्राचें म्हणणें काय तें हवें आहे. प्रश्न एका घरचा, परंतु त्याचें उत्तर थेट पेशीच्या गाभ्यांत शिरून शोधावें लागतें. म्हणून आजचें हें पान आम्हीं त्यालाच दिलें आहे.

मनुष्याच्या एकेका पेशींत डीएनए नांवाचा जो दुपदरी धागा असतो, तो उलगडून टोकाला टोक लावलें तर सुमारें दोन मीटर भरेल. शरीर घडविण्याची व चालविण्याची सारी पोथी त्या धाग्यावर लिहिलेली आहे. ही पोथी सहसा बिघडत नाहीं अशी शास्त्रज्ञांचीही पुष्कळ काळ समजूत होती. टॉमस लिंडाल ह्या स्वीडिश शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, बाहेरचें कोणतेंही विष न लागतां, केवळ शरीरांतील पाण्यानें व उष्णतेनें तिचीं अक्षरें गळत असतात, आणि तीं एकेका पेशींत दररोज हजारोंनीं! असें असूनही आपण जगतों, त्या अर्थीं दुरुस्ती करणारे कारागीर पेशींतच असले पाहिजेत, हा त्यांचा तर्क. तो खरा ठरला, आणि २०१५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना, पॉल मॉड्रिच व अझीझ सांजार ह्यांच्यासह, ह्याच विषयासाठीं मिळालें.

एका पदरावरचें अक्षर गळलें तर समोरच्या पदराकडे पाहून तें भरतां येतें. त्याविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. खरें संकट दोन्ही पदर एकाच जागीं तुटतात तेव्हां येतें. क्ष-किरणांनीं असें होतें, पोथीची नक्कल चालू असतांनाही होतें. अशा वेळीं पेशी प्रथम काय करते? हातांतलें काम थांबवते. धागा तुटतांच एटीएम नांवाचें प्रथिन जागें होतें (बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राशीं ह्याचें केवळ नामसादृश्य आहे) आणि तुटलेल्या जागेच्या दोहों बाजूंस दूरवर खुणा करीत जातें. ह्या खुणा पाहून कारागीर गोळा होतात. त्याच वेळीं पी-५३ ह्या दुसऱ्या प्रथिनाला वर्दी जाते.

ह्या पी-५३ ची व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. निरोगी पेशी तें सतत तयार करते आणि तयार झालें कीं थोड्याच मिनिटांत नष्टही करते. रोज स्वयंपाक रांधून रोज टाकून द्यावा, तसा हा प्रकार! आमच्या घरांत असें कोणी केलें असतें तर काय ऐकावें लागलें असतें तें सांगावयास नको. परंतु ह्या उधळपट्टींत धोरण आहे. संकट आल्यावर चूल पेटवावयास बसलें तर वेळ जातो; येथें नुसतें टाकणें थांबविलें कीं सांठा आपोआप भरतो. सांठा वाढला कीं पी-५३ पेशीचें विभाजन अडवून धरतें, दुरुस्तीस अवधि देतें, आणि मोडतोड हाताबाहेर गेली असेल तर त्या पेशीला मरणाचा हुकूम सोडतें. मनुष्याच्या सुमारें निम्म्या कर्करोगांत हें प्रथिनच बिघडलेलें सांपडतें.

आतां जोडणीचा विचार. तिच्या मुख्य रीति दोन. पहिली म्हणजे तुटलेलीं टोकें जवळ आणून सरळ चिकटविणें. काम झटपट होतें, पण सांध्यावर एखाददुसरें अक्षर हरवण्याचा संभव असतो. दुसरी रीत काळजीवाहू लेखनिकाची: पोथीची दुसरी प्रत पुढें ठेवून फाटलेला मजकूर तींतून उतरवून घ्यावयाचा. मात्र हुबेहूब दुसरी प्रत पेशीजवळ नेहमीं नसते. विभाजनापूर्वीं सबंध धाग्याची नक्कल होते, तेव्हांपासून विभाजन होईपर्यंतच ती हाताशीं असते. म्हणून कोणती रीत केव्हां वापरावयाची ह्यावर पेशीचा कडक ताबा असतो. तुटकीं टोकें तासून दुसऱ्या रीतीस योग्य करणारें जें हत्यार, त्याला परवाना मिळतो तो नकलेचें काम सुरू करणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनच. एरवीं ५३बीपी-१ नांवाचा रखवालदार टोकांना हात लावूं देत नाहीं. प्रत तयार झाल्यावर बीआरसीए-१ हें प्रथिन त्या रखवालदारास बाजूस सारतें. मग बीआरसीए-२ हें राड-५१ नांवाचे वाटाडे आणून उघड्या धाग्यावर बसवतें, आणि ते जुळता मजकूर हुडकून काढतात. सर्वच सांधे ह्या रीतीनें जोडले जातात असें नव्हे. पण ही रीत मुळींच उरली नाहीं तर भलतीं टोकें भलत्यांना चिकटतात, आणि पुढें कधीं तरी त्यांतून अनावर वाढणारी पेशी निपजते.

येथें आम्ही बाईंच्या पत्राकडे वळतों. पॉल ब्रोका ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें स्वतःच्या पत्नीच्या माहेरची अशीच दुःखद हकीकत १८६६ सालीं प्रसिद्ध केली होती. पण कारण कळावयास पुढें शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. मेरी-क्लेअर किंग ह्या अमेरिकन विदुषींनीं २३ कुटुंबांतील स्तनाच्या कर्करोगाच्या १४६ रुग्णांची माहिती जुळवून १९९० सालीं दाखविलें कीं, बिघाडाची जागा सतराव्या गुणसूत्रावर आहे. तेंच बीआरसीए-१. प्रत्येकाजवळ ह्या जनुकाच्या दोन प्रति असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. एक जन्मतःच सदोष असली तरी दुसरीवर काम चालतें; आयुष्यांत एखाद्या पेशींत ती दुसरीही बिघडली कीं धोका सुरू होतो.

ही सदोष प्रत बापाकडूनही तितकीच येते. बाईंच्याच घरांत पहा: आत्या व चुलत बहीण ह्यांच्या मधला दुवा म्हणजे काका. दुखणें ह्याच जातीचें असेल तर तें त्यांच्यामार्फत, त्यांना कांहीं न होतां, मुलीपर्यंत पोंचलें असावें. बाईंच्या वडिलांकडे ती प्रत आली असण्याचा संभव निम्मा, आणि आली असेल तर बाईंकडे येण्याचा पुन्हां निम्मा. पुरुष सर्वस्वी निर्धास्त असतात असेंही नाहीं. बीआरसीए-२ च्या दोषानें त्यांना पुरःस्थ ग्रंथीचा व क्वचित् स्तनाचाही कर्करोग होतो. स्त्रियांच्या बाबतींत २०१७ सालच्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें दोहोंपैकीं कोणताही दोष असतां ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा ७० च्या आसपास पडतें. मात्र स्तनाच्या कर्करोगांपैकीं असे आनुवंशिक शेंकडा पांच ते दहाच. तेव्हां ह्या घरीं तेंच असेल असें तपासणीवांचून म्हणतां येत नाहीं.

रक्ताची तपासणी प्रथम चुलत बहिणीची व्हावी, बाईंची नव्हे. आजारी व्यक्तींत दोष नेमका कोठें आहे तें कळलें, म्हणजे इतरांत तोच शोधणें सोपें व खात्रीचें होतें. तिच्या स्वतःच्या उपचारांसही त्याचा उपयोग आहे. दुसरी रीत गमावलेल्या गांठींतील पेशी दुरुस्तीच्या उरलेल्या एका मार्गावर फार अवलंबून असतात. तोही अडविला तर त्या मरतात, हें २००५ सालीं प्रयोगांनीं दिसून आलें, आणि ओलापारिब नांवाचें औषध ह्याच तत्त्वावर निघालें आहे.

तज्ज्ञाकडे जातांना वंशावळ मागतील. आमच्या पाहण्यांतील कुलवृत्तांतांत मुलांची नांवें सात-आठ पिढ्यांपर्यंत मिळतात. मुलगी मात्र लग्न होतांच पानावरून जाते, आणि ती पुढें कशानें गेली तें कोणी लिहीत नाहीं. बाईंनीं आत्यांच्या सासरीं पत्र टाकावें, आणि घरांत कोणी वृद्ध काकू असतील तर कागद घेऊन त्यांच्याजवळ बसावें. “पोटांत गांठ होती,” “छातींत पाणी झालें होतें” अशा मोघम शब्दांत सांगितलें तरी तसेंच उतरून घ्यावें, वय विचारावें, आणि आजीच्या बहिणींनाही वगळूं नये.