तान्ह्या श्वासांना प्रतिबंधाचाच आधार

‘आरएसव्ही’ विषाणूच्या संसर्गाने अर्भकांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना सूज येते. मुळातच अरुंद असलेला मार्ग चिकट स्रावाने कोंदतो आणि धाप लागते. प्रतिजैविके या विषाणूवर निरुपयोगी. प्राणवायू व शरीरातील पाण्याचे संतुलन हाच उपचार. ‘लॅन्सेट’मधील अंदाजानुसार २०१९ मध्ये या संसर्गाने पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके दगावली. त्यातील ९७ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती आणि सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले. गर्भवतींसाठीची लस व अर्भकांसाठीचे दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये त्यांची शिफारस केली. प्रश्न आता किमतीचा व वितरणाचा आहे. जिथे रुग्णालय दूर, तिथेच प्रतिबंध आधी पोहोचायला हवा.