बियाण्याचा पंचनामा कोण करणार?



वनहक्काचा दावा टाकायचा म्हणजे काय काय करावं लागतं, ते आता वाडीतल्या पोरासोरांनाही पाठ झालंय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. मग वनहक्क समिती जागेवर येते, बांध बघते, जुनी झाडं बघते, म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेते. ग्रामसभेत सगळ्यांपुढे वाचन होतं. पुढे उपविभाग, त्याच्या पुढे जिल्हा. माझ्या चुलत्याच्या फाइलवर तर दोनदा शेरा पडून आलाय, 'पुरावा अपुरा'. दीड एकराच्या तुकड्यासाठी एवढी तपासणी!

आता दुसरा एक दावा बघू. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलंय. मातीत एक जिवाणू असतो. त्याचा गुण काढून वांग्याच्या बियाण्यात घातला, म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ते खाऊन मरते. 'हे वांगं खायला आणि लावायला धोक्याचं नाही' असा कंपनीचा दावा. दिल्लीच्या समितीने तो १४ ऑक्टोबर २००९ ला मान्य केला. देशभर ओरड झाली. पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सभा घेऊन लोकांचं ऐकलं, आपल्या राज्यात नागपूरला. आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली.

काही कार्यकर्ते विचारतात, आपला लढा जमिनीचा, त्यात वांगं कुठून आलं? आमचं म्हणणं, जमीन मिळाल्यावर तिच्यात काय पेरायचं हाही हक्काचाच प्रश्न आहे. वांग्याचं मूळ आपल्याच देशातलं. त्याची रानटी भावंडं आजही माळावर, ओढ्याकाठी उगवतात. आपल्या बाया गावरान वांग्याचं बी राखेत घालून ठेवतात. आणि बागायतदाराच्या वावरात वांगी तोडायला जातात त्याही आपल्याच बाया.

मग या बियाण्याची तपासणी झाली कशी? कायदा १९८६ चा, नियम १९८९ चे. पहिली समिती कंपनीतलीच, तिच्यावर सरकारचा एक माणूस. दुसरी बायोटेक्नॉलॉजी खात्याची. तिसरी पर्यावरण खात्याची, तिला जीईएसी म्हणतात, शेवटचा शिक्का तिचा. उंदरांना ९० दिवस खाऊ घातलं. शेळ्या, ससे, कोंबड्या, मासे, दुभत्या गाई यांनाही घातलं. परागकण किती लांब जातात, मातीवर काय होतं, तेही बघितलं. समिती म्हणाली, धोका दिसला नाही.

आम्ही काय डॉक्टर नाही. वांगं विषारी आहे असं आम्ही म्हणत नाही, कुणी तसं सांगत फिरूही नये. आपला पुरावा दावेदारानेच आणायचा असतो, तसा कंपनीनेही आणला. त्यातही गैर नाही. फरक आहे तो पुढच्या पायरीवर. आपला पुरावा दुसरा माणूस जागेवर येऊन तपासतो. कंपनीच्या चाचण्या बहुतेक कंपनीने केलेल्या, नाहीतर तिने पैसे देऊन करवून घेतलेल्या. समितीने मुख्यतः कागद तपासले. ते कागदही लोकांना सहज मिळाले नाहीत. माहितीच्या अधिकारात मागावे लागले, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा २००८ साली बाहेर आले. तेही सगळे इंग्रजीत. मंत्र्यांनी स्थगिती देताना हेच कारण दिलंय, की स्वतंत्र चाचण्या नाहीत आणि लोकांचा विश्वास नाही.

आणि एकदा शिक्का बसला म्हणजे काम संपलं, असंही नाही. बीटी कापसाला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. कडेने साध्या कापसाच्या ओळी लावायच्या ही अट होती, म्हणजे अळी लवकर चिवट होणार नाही. त्यासाठी पिशवीत साध्या बियाण्याची छोटी पुडी यायची. ती पुडी किती जण लावायचे, ते शेतकऱ्यालाच विचारा. २०१० च्या मार्चमध्ये मोन्सँटो कंपनीने स्वतःच कबूल केलं, की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी कापसाला दाद देत नाही. अट दिल्लीत घातली, पण वावरात ती पाळली जाते का हे बघायला कोण आलं होतं?

तेव्हा नव्या कायद्याचा मसुदाही पुढे आला होता. त्यात असं कलम होतं, की पुरावा नसताना अशा पिकांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांची दिशाभूल करणाऱ्याला तुरुंग आणि दंड. पुरावा कंपनीच्या कपाटात, आणि तो नाही म्हणून तुरुंगात जायचं आपण! म्हणून आत्ताच बोललं पाहिजे. स्थगिती म्हणजे निकाल नाही. ती उद्या उठू शकते.

शिरूर-दौंडच्या वाड्यांनी काय करायचं?

एक. १९८९ च्या नियमात जिल्हा पातळीवरच्या समितीची तरतूद आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. वनहक्काच्या जिल्हा समितीचे अध्यक्षही तेच. तेव्हा माहितीच्या अधिकारात विचारायचं: पुणे जिल्ह्यात ही समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, आपल्या तालुक्यांत अशा पिकाचा चाचणी प्लॉट झाला का? अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. उत्तर तीस दिवसांत आलं पाहिजे.

दोन. आपले तालुके अनुसूचित क्षेत्रात नाहीत, पण वनहक्क कायदा इथेही लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. त्याच्या आधारे ठराव करा: आमच्या हद्दीत अशी चाचणी ग्रामसभेला मराठीत सगळं सांगितल्याशिवाय आणि आमची संमती घेतल्याशिवाय होऊ नये.

तीन. घराघरातलं गावरान बी मोजून ठेवा. कुणाकडे कोणतं वांगं, कोणती बाजरी, कोणता वाल आहे त्याची वहीत नोंद करा. उद्या पुरावा मागितला तर ही वहीच पुरावा.

आमच्या दाव्याची पाहणी बांधावर होते. बियाण्याच्या दाव्याचीही तशीच उघड्यावर व्हावी, एवढंच मागणं आहे.

जिंदाबाद!