हकीम ओलाजुवॉन आणि आपली हाऊस टीम

सहावीत नवा मुलगा शाळेत दाखल झाला की पहिल्या दोन महिन्यांतच त्याचा खेळ ठरून जातो. उंच असला तर बास्केटबॉल, चपळ असला तर फुटबॉल, आणि कशातच बसला नाही तर क्रॉस कंट्री. पुढे बारावीपर्यंत तीच त्याची ओळख. नववी-दहावीत एखाद्याने ‘मलाही बास्केटबॉल खेळून पाहायचा आहे’ म्हटले, तर ‘आता उशीर झाला’ हे उत्तर तयार असते. हा उशीर नेमका कोणी ठरवला, हा माझा प्रश्न आहे. तो विचारताना मला नायजेरियाच्या हकीम ओलाजुवॉनची आठवण होते.

हकीमचा जन्म २१ जानेवारी १९६३ चा, लागोस शहरातला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. शाळेत तो हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर असायचा. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉलशी त्याचा संबंध नव्हता. आपल्या हिशोबाने दहावी उरकत आली, तेव्हा त्याची सुरुवात झाली. आणि १९८० साली तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात पोहोचला! तेव्हा तो कोणी मोठा खेळाडू नव्हता. ओळखीच्या एकाने शिफारस केली म्हणून प्रशिक्षक लुईस यांनी त्याला फक्त पाहण्यासाठी बोलावले होते. विमानतळावर त्याला घ्यायलाही कोणी गेले नव्हते, टॅक्सी करून ये असे फोनवर सांगितले, असे म्हणतात.

पहिले वर्षभर त्याला सामने खेळताच आले नाहीत, नुसता सराव. दुसऱ्या वर्षी मैदानावर उतरला, पण थोडा थोडा वेळ. सामन्यामागे सरासरी ८.३ गुण. आपल्याकडे असता तर एवढ्यावर त्याचे नाव यादीतून गेले असते.

जास्त वेळ खेळायला मिळावे म्हणून काय करू, असे त्याने प्रशिक्षकांना विचारले. त्यांनी त्याला मोझेस मलोनबरोबर सराव करायला सांगितले. मलोन तेव्हा ह्यूस्टनमध्ये राहत होता आणि एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोघे फाँड या सार्वजनिक क्रीडा केंद्रात एकमेकांविरुद्ध खेळत. मलोन धसमुसळा, अंगाने रेटून खेळणारा. त्याच्यापुढे टिकायचे तर नवख्याला शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. मला या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे बारावीचे कॅडेट आठवीच्या मुलांना चेंडू आणायला पाठवतात, त्यांच्याविरुद्ध मनापासून खेळणारे किती?

पुढच्याच मोसमात सरासरी १३.९ गुणांवर गेली. १९८३ च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत ह्यूस्टन अंतिम सामन्यात पोहोचले आणि शेवटच्या क्षणी नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून ५४-५२ असे हरले. तरी स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती हरलेल्या संघातल्या हकीमची. १९८४ मध्येही अंतिम सामना गेला. पण त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. मायकेल जॉर्डन तिसरा होता. आदल्या मोसमात २९ सामने जिंकणाऱ्या रॉकेट्सने हकीमच्या पहिल्या मोसमात ४८ जिंकले, आणि दुसऱ्या मोसमात ते एनबीएच्या अंतिम फेरीत होते.

कोणी म्हणेल, त्याच्याजवळ उंची होती, त्यात काय विशेष? उंची होतीच. पण एनबीएमध्ये उंच माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. हकीम वेगळा ठरला तो पायांमुळे. एका बाजूला जाण्याची हूल देऊन दुसऱ्या बाजूने गर्रकन वळण्याची त्याची लकब पुढे ‘ड्रीम शेक’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिचे मूळ फुटबॉलमध्ये असल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे बास्केटबॉल न खेळलेली ती वर्षे वाया गेलेली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सचिन तेंडुलकर लहानपणापासून क्रिकेट खेळला आणि सोळाव्या वर्षी कसोटीत उतरला, मग लवकर निवड चुकीची कशी? ती चुकीची नाहीच. ज्याला अकराव्या वर्षी आपला खेळ सापडला त्याने तो जरूर धरावा. माझे म्हणणे बाकीच्यांबद्दल आहे, आणि प्रत्येक हाऊसमध्ये संख्येने तेच जास्त आहेत. मुलगा आठवी ते दहावीत झपाट्याने उंच होतो, अंगाने भरतो. सहावीतल्या मापावर त्याचा खेळ कायमचा ठरवणे हे सहावीतलाच गणवेश त्याला दहावीत घालायला लावण्यासारखे आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नववीपर्यंत प्रत्येक कॅडेटने वर्षात निदान तीन खेळ खेळावेत, निवडलेला एक आणि नवे दोन. आणि आंतर-हाऊस स्पर्धेत प्रत्येक संघात एक जागा त्या वर्षीच तो खेळ सुरू केलेल्या मुलासाठी राखावी, मग तो अकरावीतला का असेना. यामुळे एखाद्या वर्षी चषक हातचा जाईल, अशी भीती कॅप्टनना वाटेल. जाईलही. खेळांचे नवे वेळापत्रक लागण्याआधी हाऊस मास्टर सरांनी आणि कॅप्टननी एकत्र बसून यावर बोलावे, एवढी विनंती.